दोन बँडचे मामा

यशवंतमामा मंगळवारी वारले. निरोप घेऊन माणूस माझ्या सासरी, बेज्जूरला आला तेव्हा दुपार झाली होती. मी भाकरी करत होते. रेडिओ चालू होता. मी तो बंद केला.

हे लिहायला मला वेळ लागला. मामांची आठवण हसत काढावी असं आमच्या घरात सगळ्यांचं मत आहे. ते बरोबरही आहे. त्यांच्या घरी भेटायला आलेली माणसं दारात डोळे पुसत यायची आणि अर्ध्या तासानं पोट धरून हसत बाहेर पडायची. म्हणून मीही त्यांच्या विक्षिप्तपणापासूनच सुरुवात करते.

माझे मामा रेडिओच्या सोयरिकी जुळवायचे.

त्या काळी आमच्याकडे मुलीला लग्नात भांडी, पलंग आणि रेडिओ देत. भांडी बायका निवडत, पलंग सुतारावर सोपवत, आणि रेडिओसाठी यशवंतमामांना बोलावत. बाकीची माणसं दुकानात जातात, बटण फिरवतात, गाणं लागलं की रेडिओ पिशवीत घालून घरी येतात. मामा दुकानातला रेडिओ घेऊन थेट मुलीच्या होणाऱ्या सासरी जात आणि तिथं लावून बघत. नागपूर केंद्र लागलं तर रेडिओ पास. तोपर्यंत भांड्यांवर नावं घालणाऱ्यानं त्याच्याकडे बघायचंसुद्धा नाही.

"दुकानात सारेच गाते," ते म्हणत. "मौक्यावर गाते का, थे पाहू."

मौका हा कचेरीतला शब्द. जमिनीचा तंटा आला की नुसत्या कागदावर भिस्त न ठेवता त्या जागेवर जाऊन बघायचं, याला आमच्याकडे मौका पाहणं म्हणतात. मामा आदिलाबादच्या तहसील कचेरीत कारकून होते. हा शब्द तिथून त्यांच्याबरोबर घरी आला आणि घरातच राहिला. कलिंगड लाल निघेल असं कुणी म्हटलं की मामा म्हणत, "मौक्यावर पाहू." दोन दिवसांत ताप उतरेल असं डॉक्टरांनी सांगितलं की, "मौक्यावर पाहू." माझा भाऊ दहावी पास झाला ते पेपरात छापून आलं होतं. मामा सायकल काढून शाळेत गेले, तिथल्या फळ्यावर त्याचं नाव बघून आले, आणि मगच त्यांनी पेढा तोंडात टाकला.

रेडिओ दोन बँडचाच हवा, यावर ते अडून असत. एक मीडियम वेव्ह, एक शॉर्ट वेव्ह. बाजारात तीन-तीन, चार-चार बँडचे रेडिओ आले होते. त्यांना चकचकीत पट्ट्या असत, हिरवा दिवा असे. मामा ते हातातही घेत नसत.

"एक बँड म्हंजे एकुलतं एक पोट्टं. त्याचंच आयकाव लागते. तीन बँड म्हंजे घरात तीन जावा. थ्या आपसातच बोलते, आपल्यासंग कोनी बोलत नाई. दोन बँड बरोबर. एक जवळचं आयकते, एक दूरचं आयकते. मानसाले तरी कान कितीक हायेत?"

बाजारातल्या रेडिओच्या दुकानाचे सेठ त्यांना लांबूनच ओळखत. मामा पायरी चढले की ते हात जोडून म्हणत, "आइये इन्स्पेक्टर साब. आज किसकी लडकी?" मामा बसत. सेठ दोन बँडचे रेडिओ काढून ओळीनं मांडत. मामा एकही चालू करत नसत. ते एकेक रेडिओ उचलत, उलटा करत, मागच्या बाजूचा वास घेत आणि मग बंद रेडिओला कान लावून डोळे मिटून बसत.

एकदा सेठनी न राहवून विचारलं, "साब, बंद रेडिओ में क्या सुनते हो?"

"घमंड," मामा म्हणाले. "कितना है, देख रहा हूँ."

निवडलेला रेडिओ आधी मामांच्या घरी राहायचा. आठवडा, दोन आठवडे, कधी महिना. सेठ देत, कारण मामांमुळे अर्ध्या तालुक्याची गिऱ्हाइकी त्यांच्याकडे येत होती. या मुक्कामात मामा रेडिओला शिस्त लावत. सेल उन्हात तापवून पुन्हा घालत. रेडिओला तोंड असतं, पाठ असते आणि कूस असते, हे त्यांनी आम्हा सगळ्या भाचरांना शिकवलं. नागपूर आपल्या उत्तरेला. म्हणून रेडिओचं तोंड उत्तरेकडे करायचं, नाहीतर पाठ. कूस केली की आवाज बसतो. हे शंभर टक्के खरं आहे, कुणीही करून बघावं. पण मामा ते ज्या सुरात सांगत, त्यामुळे रेडिओ म्हणजे घरातली रुसलेली आजेसासू वाटायची.

मुक्काम संपला की रेडिओ प्रवासाला निघे. मामा त्याला जुन्या लुगड्याच्या झोळीत घालून छातीशी बांधत आणि वरून शाल घेत. बसच्या कंडक्टरनं एकदा ती गाठ बघून म्हटलं होतं, "लेकरू बाहेर काढा, अर्धं तिकीट लागन." मामा म्हणाले, "गाते, पन जेवत नाई. येऊ द्या फुकट." उटनूरच्या घाटात गाडीनं गचका खाल्ला आणि शालीच्या आत बटण आपोआप फिरलं. मामा शांत झोपले होते. त्यांच्या छातीतून बातम्या सुरू झाल्या. शेजारी बसलेली बाई उठून ड्रायव्हरच्या मागं जाऊन उभी राहिली ती उटनूर येईपर्यंत.

सासरच्या घरी पोचले की मामा आधी पाणी पीत, मग उत्तर कुठं ते विचारत. रेडिओ लावत. ऐकत. आणि निघताना चपला घालता घालता सहज विचारल्यासारखं विचारत, "बरं, हा ठेवान कुठं?" त्या प्रश्नाकडे कुणी फारसं लक्ष देत नसे. आम्हीही दिलं नाही.

मामांच्या घरात मात्र स्वतःचा रेडिओ नव्हता. याचं आम्हाला तेव्हा नवल वाटत नसे; हलवाई कुठं मिठाई खातो, अशी बाबांची त्यावर चेष्टा असे. घर दोन खोल्यांचं. मामी मी शाळेत जायच्या आधीच गेल्या होत्या. मला त्यांचा चेहरा आठवत नाही. चुलीजवळच्या भिंतीवर एक लाकडी फळी होती, इतकी खाली की उंच माणसाचं कोपर तिला हमखास लागे. मामा उंच होते. चहा करताना रोज त्यांचं कोपर फळीवर आपटे आणि रोज ते "अगं आई" म्हणत. फळीवर काहीही नसे. मिठाचा डबासुद्धा नाही. मी एकदा म्हटलं, "मामा, काढून टाका ना ती."

"राहू दे," ते कोपर चोळत म्हणाले. "थे काई म्हनते का तुले?"

मुक्कामाला आलेले रेडिओ त्या फळीवर कधी बसले नाहीत. ते पुढच्या खोलीत, खिडकीत राहायचे.

मग माझी पाळी आली.

मी तेव्हा बारावी झाले होते आणि मला मास्तरीण व्हायचं होतं. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. मी फारशी बोलत नसे. पुस्तकात डोकं घालून बसलेल्या मुलीला कुणी काही विचारत नाही, आणि विचारलं नाही की तिला सांगताही येत नाही. उटनूरच्या रस्त्यावर एका गावातलं स्थळ आलं. ठेकेदाराचं घर. पक्कं बांधकाम, दारात फटफटी, मुलाचे मोठे भाऊ वडिलांबरोबर धंद्यात. पुढं शिकवायचं का, असं बाबांनी भीत भीत विचारलं, तर तिकडून उत्तर आलं की आमच्या घरात बायकांना काही कमी नाही. बाबांना ते उत्तर हो असंच वाटलं. आई खूश होती. मला ते स्थळ नको होतं, पण मला कोण विचारतं?

रेडिओ निवडायच्या वेळी मामांनी मला एवढंच विचारलं, "तुले काय आयकायले आवडते, सुमे?"

"दुपारचं," मी म्हटलं. "आई ऐकते ते. बायकांचं."

मामांनी मान हलवली. त्या वर्षी पाऊस सुरू झाला तेव्हा रेडिओ त्यांच्या घरी आला आणि पोळा होईपर्यंत तिथंच राहिला. बाबा चिडले. "लग्न रेडिओसंग लावाचं हाये का पोरीचं?" मामा म्हणाले, "घाई नाई." शेवटी एका सकाळी ते झोळी बांधून एकटेच निघाले. मौक्यावर गर्दी नको, हा त्यांचा नियम होता.

संध्याकाळी परतले. अंगणात सगळे वाट बघत बसलेले. मामांनी पाय धुतले, झोळी सोडली, रेडिओ आईच्या हातात दिला आणि म्हणाले,

"लागत नाई."

"काय लागत नाई?" बाबांनी विचारलं.

"नागपूर. दोनी बँड पाह्यले. तोंड केलं, पाठ केली. त्या घरात लागत नाई."

"अवो, त्याहीच्या वावरात गड्याच्या खोपडीत रेडिओ वाजते! मी सोताच्या कानानं आयकला!"

"मंग त्या खोपडीत द्याची असन त द्या. घरात नाई लागत."

अशा वेळी माणसाचा कसा भडका उडतो ते मी बाबांच्या तोंडावर बघत होते. त्यांनी मामांना काय काय म्हटलं ते इथं लिहीत नाही. आई मधे पडली. "यशवंता, तू काऊन असं करून राह्यला? एका डबड्यासाठी सोन्यासारखं स्थळ जाईन."

ठेकेदाराकडून निरोप आला की आमच्याकडे आता टीव्ही येणार आहे, रेडिओ हवाच कुणाला?

"पाह्यजेच नाई म्हनते?" मामा म्हणाले. "मंग त बिलकुलच लागत नाई."

आमच्या नात्यात मामांचा शब्द मोठा होता. त्यांनी नापास केलेल्या घरी मुलगी दिली तर चार लोक काय म्हणतील, या एका भीतीवर ते लग्न मोडलं. बाबांनी मामांशी बोलणं टाकलं. मी आतल्या खोलीत पुस्तक उघडून बसले होते. एकही ओळ वाचत नव्हते, पण त्या रात्री पोटभर जेवले. दुसऱ्याच आठवड्यात मामांनी बाहेरूनच आईला हाक मारून सांगितलं, "ताई, पोरगी रिकामी बसली हाये तवर तिले मास्तरनीच्या शिक्षनाले घालून दे. वेळ जाईन तिचा." वेळ जाण्यासाठी म्हणून मी शिकले.

ते शिक्षण संपत आलं तेव्हा बेज्जूरचं स्थळ आलं. मुलगा शाळेत शिक्षक, घरी फक्त त्याची आई. मातीच्या भिंती, वर टिनाचे पत्रे. मागं जंगल, पलीकडे प्राणहिता. बाबा तोवर मामांशी बोलू लागले होते, पण टोमण्यानंच. "जा आता तिकडं रेडिओ घेऊन. ठेकेदाराच्या बंगल्यात लागला नाई, आता डोंगराच्या बोडक्यात लागन."

"मौक्यावर पाहू," मामा म्हणाले.

ते गेले आणि त्या दिवशी परतलेच नाहीत. मुक्काम करून दुसऱ्या दिवशी आले. पुन्हा अंगण, पुन्हा सगळे बसलेले. मामांनी पाय धुतले.

"लागते," ते म्हणाले. "स्वच्छ लागते. देऊन टाका पोरगी."

बाबा कपाळावर हात मारून हसत सुटले. आमच्यात लग्न बुद्धवंदनेनं होतं. वंदना झाली, पंगत उठली. रेडिओच्या पाठीवर नाव घालून झालं: चि. सौ. कां. सुमन हिस मामाकडून. आणि तो रेडिओ आणि मी बेज्जूरला आलो.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. आल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी त्यांनीच म्हटलं, "लाव ना वो तुहा रेडिओ." दुपारची वेळ होती. आदिलाबादेत आई आत्ता भाकऱ्या टाकून रेडिओपाशी बसली असेल, हे मला माहीत होतं. मी चुलीजवळ रेडिओ ठेवला. तोंड उत्तरेकडे केलं. बटण फिरवलं.

गरम तेलात काहीतरी सोडल्यासारखा आवाज आला. चर्र. तेवढाच.

मी पाठ करून पाहिली. कूसही करून पाहिली, मामांची क्षमा मागून. चर्र. शॉर्ट वेव्ह लावलं, तर कुठल्याशा देशातली बाई मला न कळणाऱ्या भाषेत मनसोक्त हसत होती. तेवढं मात्र स्वच्छ लागत होतं. मी नवी नवरी. तोंड फिरवून बसले. आमचे हे दारात उभे होते. शाळेत मुलांना रागावणारा माणूस, पण त्या वेळी त्यांचा चेहरा गृहपाठ न केलेल्या मुलासारखा झाला होता.

"सांगून टाक ना बे तिले," आत्याबाई मुलाला म्हणाल्या. त्यानं सांगितलं नाही, तेव्हा स्वतःच माझ्याजवळ येऊन बसल्या.

"तुहा मामा आलता ना, त्यानं सकाळपासून सांजलोक इथं बसून पाह्यलं. एक अक्षर नाई लागलं. मी म्हनलं, भाऊ, आता तुमी पोरगी द्याचे नाई. त मले इचारते, 'लागला असता त ठेवला कुठं असता?' आता हा काय इचार हाये? मी म्हनलं, कुठं म्हंजे? आमी बाया चुलीपाशी राह्यतो, त चुलीपाशीच ठेवला असता. मले तसं बी बातम्या समजत नाई, सुनेनं सांगतल्या असत्या. झालं. भाकर खाल्ली, झोपला, सकाळी उठून म्हने, 'लागते.' मले वाटलं, रातच्यातून लागला का काय!"

मी रडावं की हसावं ते ठरवत होते. आत्याबाईंनी ठरवू दिलं नाही. त्यांनी कमरेला पदर खोचला, डोक्यावर चुंबळ ठेवली, तिच्यावर चालू रेडिओ ठेवला आणि भरला हंडा घेऊन निघावं तशा ताठ अंगणात निघाल्या.

"मामा म्हनते लागते, त लागते. कुठं लागते थे पाहू."

पुढं आत्याबाई, मागं मी "उत्तरेकडे तोंड, उत्तरेकडे" म्हणत, माझ्यामागं हे तांब्याच्या तारेचं भेंडोळं घेऊन. शेजारची लक्ष्मक्का कुंपणावर हात ठेवून बघत उभी राहिली. ती तेलुगू बोलणारी. कसली पूजा चालली आहे असं तिला वाटलं असावं, कारण तिनं चपला काढल्या. दारात चर्र. विहिरीपाशी चर्र. गोठ्यात शिरल्यावर म्हैस ओरडली, पण ती आमचीच. गोठ्याच्या मागं, टिनाच्या पत्र्यांपासून लांब, मोहाच्या झाडाखाली आत्याबाई पोचल्या आणि चर्र थांबलं.

"...आणि मोहरी फेसून घेतल्यावर मगच तेल गार करायचं," एक बाई अगदी स्पष्ट म्हणाली.

आत्याबाई जागच्या जागी थिजल्या. मान हलली तर केंद्र जाईल म्हणून त्यांनी डोळ्यांनीच मला खुणावलं: आलं का? मी मान डोलावली. तिकडे आदिलाबादेत आई याच क्षणी हेच ऐकत होती. मोहरी फेसून घ्यायची, मग तेल गार करायचं. लक्ष्मक्का कुंपण ओलांडून आत आली आणि दोन्ही हात वर करून ओरडली, "अच्चिंदी! अच्चिंदी!" म्हणजे आलं, आलं. आमचे हे झाडावर चढले, तार बांधली, खाली येताना सदरा फाडून घेतला. लिंबाचं लोणचं कसं घालायचं ते आम्ही चौघांनी उभ्यानं, विजयी मुद्रेनं ऐकलं. घरात एकही लिंबू नव्हतं.

कार्यक्रम संपला. आता एकच अडचण होती. मी म्हटलं, "आत्याबाई, पण चूल तर तिकडं आहे."

आत्याबाईंनी चुलीकडे बघितलं. त्या या घरात लग्न होऊन आल्या तेव्हापासून ती चूल तिथं होती. दर सणाला त्यांनी ती सारवली होती. त्या म्हणाल्या,

"रेडिओ चुलीपाशी येत नसन, त चूल रेडिओपाशी येईन. तिले काय मुळं हायेत?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी जुनी चूल काढली आणि मोहाखाली नवी घातली. ह्यांनी वर पळसाच्या पानांचं छप्पर केलं, एका बाजूला भिंत उभी केली, भिंतीवर फळी ठोकली. रेडिओसाठी चूल हलवणारी बाई म्हणून आत्याबाईंचं नाव आठवडी बाजारापर्यंत गेलं. बायका मुद्दाम बघायला येत. आत्याबाई त्यांना बसवून घेत आणि बातम्या लागल्या की म्हणत, "सुनबाई, सांग ह्याहिले, काय म्हनते थे." मी सांगत असे. घरात कधी न बोललेली मुलगी मी. मोहाच्या झाडाखाली मला बोलायला आलं. पुढं शाळेत नोकरी लागली तेव्हा वर्गात उभं राहायची मला भीती वाटली नाही. आत्याबाईंच्या पाहुण्यांपेक्षा पहिलीची मुलं खूपच सोपी असतात.

दिवाळीनंतर मामा आले. मी त्यांना काही न सांगता गोठ्यामागं नेलं. चूल, छप्पर, तार, फळी, फळीवर रेडिओ. मामांनी एकेक वस्तू तपासत सगळा मुआयना केला. मग ते हसू लागले. इतके हसले की त्यांना खाली बसावं लागलं. डोळे पुसले, परत हसले. नंतर उठून फळीजवळ गेले आणि हात आडवा करून तिची उंची माझ्या खांद्याशी ताडून बघितली.

"उंची बरोबर हाये," ते म्हणाले.

मी म्हटलं, "मामा, इथं लागत नव्हता."

"नवता."

"आणि त्या ठेकेदाराच्या घरी?"

"घंटीवानी लागला," मामा म्हणाले. "बैठकीत ठेवला होता. गानं लागलं. त्याहीची मोठी सून चहा घेऊन आली, कप ठेवले, आन जाता जाता दारात उभी राह्यली. आयकत. फक्त उभी राह्यली, पोरी. म्हाताऱ्यानं हात लांब केला आन बटन बंद केलं. तिच्याकडं पाह्यलं बी नाई. ती आत गेली. कोनी काई बोललं नाई, तिले बी काई वाटलं नाई. आदत होती. मंग मी चपला घातल्या."

"म्हणजे तुम्ही खोटा मौका सांगितला. दोन्ही वेळा."

"साऱ्या नोकरीत खरा सांगतला. भाचीसाठी दोनदा खोटा." त्यांनी चुलीतलं लाकूड पुढं सारलं. "आन रेडिओचं काय? थो त दुकानातच पास झालता."

त्यानंतर मामा दरवर्षी यायचे. आत्याबाई त्यांना "लागते-भाऊ" म्हणायच्या. ते दुपारी जेवून मोहाखाली पडायचे आणि रेडिओ ऐकायचे; खरं तर रेडिओ ऐकणाऱ्या आम्हा दोघींकडे बघत पडायचे. कचेरीतून निवृत्त झाल्यावरही लोक मुलींचे रेडिओ घेऊन त्यांच्याकडे येत. मग टीव्ही आले, आणि टीव्हीच्या काड्या घरांवर उभ्या राहिल्या. मामांना कुणीतरी टीव्ही निवडून द्यायला सांगितलं. ते म्हणाले, "त्याले तोंडच तोंड हाये, पाठ नाई. मले नाई समजत."

त्या मंगळवारी निरोप आल्यावर मी पिशवी भरली. कपडे घातले आणि फळीवरचा रेडिओ काढून वर ठेवला. का घेतला ते सांगता येणार नाही. आत्याबाईंना घेऊन आदिलाबादला मामांच्या घरी पोचले, सगळं झालं, आणि रेडिओ पिशवीतच राहिला.

मामांच्या नावानं व्हायच्या जलदान विधीच्या दिवशी सकाळी मी, आई आणि आत्याबाई मामांच्या स्वयंपाकघरात होतो. पीठ मळता मळता माझं कोपर फळीवर आपटलं. मी "अगं आई" म्हटलं आणि आई एकदम रडायला लागली. मामा गेल्यापासून ती रडली नव्हती. मग तिनं सांगितलं.

"तुझी मामी बुटकी होती. तिचा हात पोचावा म्हनून ही फळी इतक्या खाली. तिनं आयुष्यात त्याले एकच चीज मागितली. म्हने, बैठकीत नको, मह्याजवळ वाजन असा रेडिओ आना. यानं आधी फळी ठोकली, कडुनिंबाले तार बांधली, आन मंग निवडाले गेला. हा आनला, आवाज बसका. थो आनला, सेल खाते. एक बँडचा नको, तीन बँडचा नको. चांगल्यातला चांगला पाह्यजे होता तिच्यासाठी. ती म्हने, अवो, कोनताबी चालते. हा म्हने, घाई नाई. अन ती तापानं पडली." आईनं नाक पुसलं. "निवडतच राह्यला माझा भाऊ."

आम्ही तिघी फळीकडे बघत राहिलो. खिडकीच्या चौकटीतून तारेचं एक टोक आत आलेलं होतं. काळं पडलेलं. इतकी वर्षं मी ते कपडे वाळवायच्या दोरीचं समजत होते.

मी हात धुतले. पिशवीतून रेडिओ काढला. फळीवर ठेवला, तो तिथं अगदी मापाचा बसला. तारेचं टोक चाकूनं घासून लख्ख केलं आणि जोडलं. तोंड उत्तरेकडे केलं. जेवणाची वेळ होत आली होती. बाहेर अंगणात माणसं बसली होती, भंतेजी यायचे होते. मी बटण फिरवलं.

चर्र झालं नाही. बोट हलवावं लागलं नाही. पहिल्या झटक्याला, समोर बसून बोलावं तशी एक बाई बोलू लागली. लहान मुलांचे लोकरीचे कपडे कसे धुवावेत ते सांगत होती. तो आवाज चुलीवरून गेला, भिंतींना लागून परत आला, दोन्ही खोल्या भरून अंगणात गेला. अंगणातली बोलणी थांबली. इतका साफ आवाज बेज्जूरच्या मोहाखाली कधी लागला नव्हता. यशवंतमामांनी बांधलेली तार होती ती.

"अच्चिंदी," आत्याबाई हळूच म्हणाल्या.

बाहेरून बाबांचा आवाज आला. "काय वो? लागते का?"

"लागते," आईनं आतून ओरडून सांगितलं. "स्वच्छ लागते!"

कार्यक्रम संपेपर्यंत कुणी बटणाला हात लावला नाही.

मामांचं घर आता भाड्यानं दिलं आहे, फळी काढायची नाही या बोलीवर. तार कडुनिंबावर आहे. रेडिओ मी परत बेज्जूरला आणला. तो चुलीजवळच्या फळीवर आहे. शॉर्ट वेव्हवर आता फारसं काही लागत नाही. मीडियमवर दुपारी नागपूर लागतं.